हिराकाकू, सहा कोंबड्या आणि एक बोका

मिशिगनमध्ये येऊन मला तीन आठवडे झाले होते. नवरा सकाळी आठला युनिव्हर्सिटीत गेला की संध्याकाळपर्यंत माझ्या कानावर मराठीचा एक शब्द पडत नसे. अशाच एका सकाळी मी स्वयंपाकघराच्या खिडकीशी भांडी विसळत उभी होते आणि बाहेरून खणखणीत आवाज आला.

"थांब, मुडद्या! आज तुझी कातडी सोलते की नाही बघ!"

हातातली कढई सिंकमध्ये पडली. ॲन आर्बरच्या त्या शांत गल्लीत, जिथे माणसं कुत्र्यालासुद्धा 'प्लीज' म्हणायची, तिथे कुणीतरी कुणाला तरी मुडदा म्हणत होतं. मी तशीच ओल्या हातांनी मागच्या दारी धावले. शेजारच्या हिरवळीवरून एक बुटक्या, गोल, पन्नाशीच्या बाई पळत होत्या. अंगात हॉस्पिटलचे हिरवे कपडे, पायात कुणा पुरुषाचे गुडघ्यापर्यंत येणारे रबरी बूट आणि हातात बर्फ ओढायचं फावडं. पुढे एक राखाडी बोका ढांगा टाकत चालला होता. त्याचा एक कान फाटलेला होता आणि डोकं पपईएवढं होतं. तो कुंपणाखालून निघून गेला. बाई कमरेवर हात ठेवून धापा टाकत उभ्या राहिल्या.

मी विचारलं, "तुम्ही मराठी आहात?"

"न्हाई, चिनी आहे," त्या म्हणाल्या. "बोका कुठल्या बाजूला गेला ते सांग आधी."

ह्या डॉक्टर हिरा जाचक. फलटणकडच्या. माहेरी वडील गुरांच्या दवाखान्यात कंपाउंडर, आणि सहा भावंडांत डॉक्टर झालेल्या ह्या एकट्याच. आडनावावरून तिथल्या महाराष्ट्र मंडळातली मुलं मागून हसायची, पण तोंडावर त्यांना सगळे हिराकाकूच म्हणत. हॉस्पिटलात त्या भूलतज्ज्ञ होत्या. पहाटे साडेचारला उठायच्या, सहाला ऑपरेशन थिएटरमध्ये असायच्या. ज्या दिवशी सुट्टी असे त्या दिवशीही साडेचारलाच उठायच्या आणि इतर लोक अजून का झोपलेत याचा त्यांना राग येई.

त्या पहिल्या सकाळी बोक्याचा विषय संपल्यावर त्यांनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि म्हणाल्या, "तोंड उघड बघू. मोठं. जीभ बाहेर काढ. आता मान मागं टाक."

मी सगळं केलं. त्या आवाजाला नाही म्हणायची सोयच नव्हती.

"छान," त्या समाधानानं म्हणाल्या. "तुझ्या घशात नळी पटकन जाईल."

पुढे कळलं की ही त्यांची सवयच होती. कुणी नवीन माणूस भेटला की त्याला भूल द्यायची वेळ आली तर काय होईल, हे त्या आधी पाहून घेत. गणपतीच्या आरतीला सगळे तोंड उघडून गात असताना काकू मूर्तीकडे कमी आणि लोकांच्या घशांकडे जास्त बघत. जवळच्या ट्रॉय गावाहून आलेल्या एका जाडजूड इंजिनीअरला त्यांनी प्रसाद देता देता सांगितलं होतं, "तुम्ही कधी आजारी पडू नका हं. मान आखूड आहे."

कोंबड्या त्यांच्याकडे कशा आल्या त्याची गोष्ट काका सांगत. वसंतकाका म्हणजे त्यांचे यजमान. मोटारींच्या कारखान्यात डिझाइनला होते, बोलणं मोजकं, आवाज मऊ. जूनमध्ये काकू गावाबाहेरच्या दुकानात गवताचं बी आणायला गेल्या. तिथे लाल दिव्याखाली खोक्यात सहा पिलं उरली होती. हंगाम संपला होता आणि लहान चणीची म्हणून ती कुणी घेत नव्हतं. काकूंनी विचारलं, "ही उरलीत त्यांचं काय करणार?" दुकानदारानं खांदे उडवले. काकू गवताचं बी विसरल्या आणि खोकं मांडीवर घेऊन घरी आल्या.

काकांनी ड्रॉइंग बोर्डावर खुराड्याचा नकाशा काढला. पुढून, बाजूनं आणि वरून. दोन आठवडे खपून ते बांधलं. त्याच्या दाराच्या बिजागऱ्या आमच्या घराच्या दारापेक्षा चांगल्या होत्या.

आणि काकूंनी नावं ठेवली. सासरच्या माणसांची. सर्वांत आडदांड होती ती आत्याबाई, म्हणजे त्यांच्या सासूबाई. मान वर करून चालायची ती वन्सं. थोरल्या जाऊबाई, धाकट्या जाऊबाई, सतत कुरकुरणारी मावळण, म्हणजे काकांची आत्या. सहावी विहीणबाई. काकूंच्या एकुलत्या मुलीचं लग्न व्हायचं होतं, तेव्हा खरी विहीण अजून मिळायची होती. पण नाव त्यांनी राखून ठेवलं होतं.

"काकू, तुम्ही चिकन खाता ना?" मी एकदा विचारलं.

"खाते की. दुकानातलं. त्याचं नाव मला कुठं माहीत असतं?"

मी आले तेव्हा ह्या तलंगा, म्हणजे कोवळ्या कोंबड्या, जेमतेम पारव्याएवढ्या होत्या, आणि बोक्याला त्यांचा पत्ता लागला होता.

सप्टेंबरच्या एका दुपारी त्यानं वन्सं उचलली. मी खिडकीतून पाहिलं. काकू नुकत्याच घरी आल्या होत्या, कोंबड्या हिरवळीवर सोडल्या होत्या आणि फोन घ्यायला त्या आत गेल्या तेवढ्या दोन मिनिटांत काम झालं. काकू फावडं घेऊन शेवटच्या घरापर्यंत पळाल्या. हातात तीन पिसं घेऊन परत आल्या. त्याच वेळी हॉस्पिटलातून तातडीचं बोलावणं आलं. त्यांनी फ्रिजवर चिठ्ठी लावली आणि गेल्या.

काका संध्याकाळी घरी आले. फ्रिजवर लिहिलं होतं, 'वन्सं गेल्या. मला यायला उशीर होईल. आमटी गरम करून घ्या.'

आता फलटणला काकांची थोरली बहीण खरोखरच होती. काका मटकन खुर्चीत बसले. मग उठून अंघोळ केली. मग आमच्याकडे आले आणि दारातच म्हणाले, "आमची ताई गेली. हिरा ड्यूटीवर आहे. एकट्यानं बसवेना." माझ्या नवऱ्यानं त्यांना धरून आत आणलं. मी चहा टाकला. त्या चिठ्ठीतल्या वन्सं कोण, हे तिथे फक्त मला माहीत होतं, पण काकांनी 'आमची ताई' म्हटल्यावर माझ्या डोक्यात कोंबडी आलीच नाही. उलट मी डोळे पुसत होते. काकांनी भारतात फोन बुक केला. बऱ्याच वेळानं लागला. पलीकडून खुद्द ताईंचाच आवाज आला, "कोण? वसंता? एवढ्या पहाटे का रे? कुणी गेलं की काय?"

काकांनी फोन दोन्ही हातांनी धरला. मग म्हणाले, "ताई, तू बरी आहेस ना?" आणि लहान मुलासारखे रडायला लागले.

काकू घरी आल्या तेव्हा काका फ्रिजसमोर लाल पेन घेऊन उभे होते. 'वन्सं' ह्या शब्दापुढे त्यांनी कंसात 'कोंबडी' असं लिहिलं होतं.

"एवढं काय त्यात," काकू म्हणाल्या. "खऱ्या वन्सं गेल्या असत्या तर मी आमटी गरम करा असं लिहिलं असतं का? पिठलं केलं असतं."

पण त्या रात्री जेवल्या नाहीत, असं काकांनी मला मागाहून सांगितलं.

मग लढाई सुरू झाली. काकूंनी कुंपणाला रिकामे डबे बांधले. बोका डब्यांखालून आला. पाण्याचा पाइप लावून ठेवला. त्यानं पोस्टमन भिजला. शेवटी त्यांनी कॅसेट रेकॉर्डर आणला, त्यात स्वतःच्या आवाजात अर्धा तास शिव्या भरल्या आणि तो खुराड्याजवळ ठेवून टायमर लावला. दर तासाला झाडीतून आवाज येऊ लागला, "थांब, मुडद्या! आले बघ! तंगडं मोडते तुझं!" पहिल्या दिवशी बोका दचकला. पण ह्याच आवाजाची बाई रोज दाणे टाकते, हे कोंबड्यांना पक्कं ठाऊक होतं. शिव्या सुरू झाल्या की सहातल्या उरलेल्या पाचही जणी सगळीकडून धावत येऊन यंत्राभोवती गोळा व्हायच्या. बोक्याला त्यांना शोधत हिंडायचीही गरज उरली नाही. चौथ्या दिवशी त्यानं मावळण नेली.

काकूंनी कॅसेट काढून कपाटात ठेवली. त्या दिवशी त्या चेष्टा करण्याच्या मनःस्थितीत नव्हत्या. "माझ्याच आवाजाला फसल्या गं," एवढंच म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी त्यांना आणखी एक शोध लागला. आमच्या मागे हॅरल्ड नावाचे म्हातारे गृहस्थ एकटे राहत. उंच, वाकलेले, बायको वारलेली. आयुष्यभर कारखान्यात साचे बनवले होते, त्याआधी लहानपण शेतावर गेलेलं. काकू कुंपणावरून बघतात तो बोका हॅरल्डच्या पायरीवर बसून बशीतले सार्डिन मासे खात होता.

काकू तशाच त्यांच्या अंगणात गेल्या. मीही मागोमाग गेले, कारण फावडं त्यांच्या हातात होतं.

"हा तुमचा बोका?"

"माझा नाही, डॉक," हॅरल्ड म्हणाले. ते त्यांना डॉकच म्हणत. "हा कुणाचाच नाही. गेल्या हिवाळ्याच्या आधीच्या हिवाळ्यात आला. मला हात लावू देत नाही."

"मग खायला का घालता?"

"त्यालाही भूक लागते."

"त्यानं माझ्या दोन कोंबड्या खाल्ल्या!"

हॅरल्डनी बशी जरा बाजूला सरकवली. मग म्हणाले, "आय ॲम सॉरी, डॉक. ते चूकच झालं. पण हे फक्त कोंबड्या लहान आहेत तोवर. पूर्ण वाढलेल्या कोंबडीच्या वाट्याला मांजर जात नाही. थँक्सगिव्हिंगपर्यंत, म्हणजे नोव्हेंबर संपेपर्यंत सांभाळा."

"तोवर एक तरी उरेल का?"

हॅरल्ड आत गेले आणि एक जुना तारेचा पिंजरा घेऊन आले. आत खाणं ठेवायचं, जनावर शिरलं की दार पडतं. "धरा आणि प्राण्यांच्या शेल्टरला नेऊन द्या," ते म्हणाले आणि बशी उचलून आत गेले. त्यांचा चेहरा मला दिसला नाही.

पिंजऱ्यात पहिल्या दिवशी स्कंक सापडला. स्कंक म्हणजे मांजराएवढा काळापांढरा प्राणी. घाबरला की शेपटी वर करून असा काही वास फवारतो की माणसाला आपला जन्म नकोसा होतो. काकूंना ते माहीत नव्हतं. त्यांनी वाकून त्याचं तोंड बघितलं. तो वास जावा म्हणून त्या आठवड्यात त्यांनी टोमॅटोच्या रसानं सात वेळा अंघोळ केली आणि थिएटरमधल्या नर्सनं म्हणे विचारलं की आज पेशंटला वेगळी भूल देण्याची गरज आहे का.

पुढच्या शनिवारी बोका अडकला. फिस्कारत होता, तारा चावत होता. काकूंनी पिंजऱ्यावर चादर टाकली, तो स्टेशन वॅगनमध्ये मागे ठेवला आणि धरायला मला बसवलं. "सुटली एकदाची ब्याद," असं त्या वाटेत तीन वेळा म्हणाल्या. तिसऱ्यांदा जरा हळू.

शेल्टरमधली मुलगी गोड होती. तिनं फॉर्म पुढे केला आणि सांगितलं, "आम्ही सात दिवस ठेवतो. रानटी मांजर सहसा कुणी नेत नाही. मग वी पुट हिम टु स्लीप."

काकू सही करत होत्या. 'हिरा' एवढं लिहून पेन थांबलं.

"अँड हू वेक्स हिम अप?"

मुलीला वाटलं, बाईंना इंग्रजी कमी समजतं. ती हळुवारपणे म्हणाली, "नो मॅम. ही डझन्ट वेक अप."

"आय नो," काकू म्हणाल्या. त्यांनी पेनाचं टोपण लावलं आणि माझ्याकडे वळून मराठीत बोलू लागल्या. त्यांचा चेहरा लाल झाला होता. "शब्द बघ कसा वापरतात. झोपवतात म्हणे! वीस वर्षं मी लोकांना झोपवतेय. लेकरांना, म्हाताऱ्यांना. झोपवायला काय लागतं? कुणीही झोपवेल. डॉक्टरी लागते ती उठवायला. उचल गं तो पिंजरा."

"काकू, आणि कोंबड्या?"

"उचल म्हणते ना!"

तिथून आम्ही सरळ जनावरांच्या डॉक्टरकडे गेलो. तरुण पोरगा होता. काकूंनी ठरवलं होतं की बोक्याला खच्ची करून घ्यायचं, म्हणजे निदान त्याचं हिंडणं आणि मारामाऱ्या कमी होतील. तो म्हणाला, "होईल, पण ह्यानं शिकार थांबत नाही हं." "ते मी बघते," काकू म्हणाल्या आणि ऑपरेशनच्या खोलीत त्याच्यामागे शिरल्या. मला दाराबाहेर सगळं ऐकू येत होतं.

"वजन केलंत?... अंदाजानं? अंदाजानं कसं? काटा आणा!... किती मिली?... नाडी कोण बघतंय? मी बघते. तुम्ही तुमचं कापायचं काम करा."

बोका शुद्धीवर येईपर्यंत काकू त्याच्याजवळून हलल्या नाहीत. त्यानं पपईएवढं डोकं उचललं, डुलत डुलत इकडेतिकडे पाहिलं आणि काकूंवर फिस्कारला. "झाला जागा," काकू म्हणाल्या. एवढा आनंद मी त्यांच्या चेहऱ्यावर मुलीच्या ग्रॅज्युएशनलाही पाहिला नाही.

घरी आल्यावर त्यांनी काकांना सांगितलं, "इतके दिवस मी कोंबड्या कोंडत होते. चुकलं. बोका कोंडायला पाहिजे. थँक्सगिव्हिंगपर्यंत हा गॅरेजमध्ये राहील."

"आणि गाड्या?" काकांनी विचारलं.

"गाड्यांना बोका खात नाही."

चार-पाच आठवडे काकांनी रोज सकाळी अंगणातल्या गाडीच्या काचेवरचं दव पुसलं आणि पुढे बर्फ खरवडलं. तक्रार केली नाही. उलट बोक्यासाठी पेटीत लोकरीचा स्वेटर घालून घर केलं. त्याचाही नकाशा काढला असेल. हॅरल्ड रोज संध्याकाळी सार्डिनचा डबा घेऊन येत आणि उपड्या बादलीवर बसत. बोका कपाटामागून बाहेर येत नसे. पण काका दुसरी बादली घेऊन शेजारी बसू लागले. दोघे मितभाषी माणसं, बोक्याची वाट बघत तासन् तास काय बोलत असत कोण जाणे. काकू आतून ओरडायच्या, "चहा झालाय, तिघांनी या!"

थँक्सगिव्हिंगनंतरच्या रविवारी बोक्याला सोडायचं ठरलं. हिरवळीवर बर्फाचा पातळ थर होता. चारही कोंबड्या बाहेर होत्या, आता चांगल्या भरलेल्या. हॅरल्ड होते, काका होते, मी होते. काकू फावडं घेऊन मधोमध उभ्या. आतापर्यंत केलेलं सगळं चुकीचं ठरलं तर आणखी एक जीव जाणार होता, आणि तो त्यांच्या हट्टामुळे.

काकांनी गॅरेजचं दार वर केलं. बोका बाहेर आला. डोळे मिचकावले. कोंबड्या दिसल्या तसा तो जमिनीला पोट लावून बसला, मागचं अंग हलवू लागला. काकूंनी फावडं उचललं. हॅरल्डनी हलकेच त्यांच्या दंडावर हात ठेवला. "वेट, डॉक."

बाकीच्या तिघी पळाल्या. आत्याबाई पळाली नाही. तिनं मान तिरपी करून बोक्याकडे पाहिलं. मग सगळी पिसं फुलवली, दुप्पट झाली आणि एक एक पाऊल टाकत चालत चालत त्याच्यासमोर गेली. बोका गोंधळला. आत्याबाईनं चोच मागे घेतली आणि त्याच्या नाकावर असा एक टोला हाणला की तो जागच्या जागी चारी पायांवर उडाला आणि हॅरल्डच्या पायरीखाली जाऊन बसला. आत्याबाई त्याच्यामागे कुंपणापर्यंत धावली.

आम्ही सगळे ओरडलो. हॅरल्डनी टोपी काढून हवेत उडवली. आणि काकू आत्याबाईमागे पळत ओरडत होत्या, "अगं हळू! ऑपरेशन झालंय त्याचं!"

त्यानंतर बोका कोंबड्यांच्या वाटेला गेला नाही. खुराड्याजवळच्या दाण्यांवर उंदीर यायचे, ते मात्र त्यानं संपवले. काकूंना त्यानं कधी हात लावू दिला नाही आणि काकूंनीही कधी लाडानं हाक मारली नाही. फक्त कुणी 'तुमचं मांजर' म्हटलं की त्या सांगायच्या, "माझं नाही. माझा पेशंट आहे."

अडीच वर्षांनी माझ्या नवऱ्याला न्यू जर्सीत, पिस्कॅटवेला नोकरी लागली. मे महिन्यातल्या एका सकाळी भाड्याच्या ट्रकमध्ये आम्ही संसार भरला. काका दशम्यांचा डबा घेऊन आले, नवऱ्याच्या पाठीवर हात फिरवला, मला म्हणाले, "पोचल्यावर फोन कर." काकू दिसेनात. त्यांनी त्या दिवशी रजा घेतली होती, मला माहीत होतं.

मागच्या अंगणात गेले तर मेपलच्या झाडाला शिडी लावलेली आणि काकू शिडीवर. धाकट्या जाऊबाई फांदीवर जाऊन बसल्या होत्या.

"काकू, निघतोय आम्ही."

"निघा, निघा. टोलेडोच्या आधी ट्रॅफिक लागेल." त्यांनी वळून पाहिलं नाही. तोंड पानांत होतं. "ही बया बघ कुठं जाऊन बसलीय. मला काय खाली येता येत नाही."

"नमस्कार करायचा होता."

"तिथनंच कर. पोचला."

मी केला. थोडा वेळ थांबले. त्यांनी एक हात मागे करून हलवला, निघ आता, अशा अर्थानं.

ट्रकमध्ये चढताना माझ्या लक्षात आलं, ती फांदी काही उंच नव्हती. जमिनीवर उभं राहून हात वर केला असता तरी कोंबडी हाताला आली असती. ट्रक वळला तेव्हा मी मान बाहेर काढून पाहिलं. धाकट्या जाऊबाई आपल्या आपण उडून खाली आल्या होत्या आणि गवतात टिपत होत्या. काकू अजून शिडीवरच होत्या.